वर्गातील हवेचा हिशेब

१९७४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवराची साथ आली. दुसरीतील एका मुलीपासून तिची सुरुवात झाली आणि पहिल्याच फेरीत २८ मुले आजारी पडली. ही मुले १४ वेगवेगळ्या वर्गांतील होती आणि त्यांतील अनेक जण त्या मुलीबरोबर एका खोलीत कधी बसलेही नव्हते. शाळेतील ९७ टक्के मुलांना लस दिलेली होती. संशोधक रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा अभ्यास केला, तेव्हा इमारतीतील वायुवीजन यंत्रणा वर्गांमधील हवा ओढून घेऊन तीच पुन्हा सर्व वर्गांत सोडत होती, हे त्यामागचे कारण पुढे आले.

खोकताना, शिंकताना, बोलताना, इतकेच नव्हे तर शांतपणे श्वास सोडतानाही नाकातोंडातून द्रवाचे कण बाहेर पडतात, आणि पुढे काय घडणार हे बरेचसे त्या कणांच्या आकारावर ठरते. स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साधारण ५ सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे १२ तास. वर्गातील हवा इतकी स्थिर कधीच नसते, त्यामुळे बारीक कण खाली बसण्याऐवजी खोलीभर पसरतात. तरीही शाळांच्या खबरदारीचा भर दीर्घकाळ मोठ्या थेंबांवर आणि पृष्ठभाग पुसण्यावर राहिला. पुसलेले बाक पालकांना दाखवता येते, स्वच्छ झालेली हवा दाखवता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

हवा दाखवता येत नसली, तरी मोजता मात्र येते. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे दशलक्षात ४०,००० भाग असते. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते दशलक्षात ४२०च्या आसपास असते. दारे-खिडक्या बंद असलेल्या, मुलांनी भरलेल्या वर्गात हा आकडा २,००० पर्यंत चढला, तर त्या खोलीतील जवळजवळ ४ टक्के हवा आधी कोणाच्या तरी फुप्फुसांतून जाऊन आलेली आहे, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या शब्दांत, तिथे घेतलेला साधारण प्रत्येक पंचविसावा श्वास उसना असतो. खिडक्या उघडून आकडा ८००वर आणला, की हे प्रमाण १ टक्क्यावर येते. हा वायू विषाणूंचे मोजमाप नव्हे. पण खोलीत ताजी हवा पुरेशी येते की नाही, हे सांगणारे त्याच्याइतके स्वस्त आणि सोपे साधन दुसरे नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये अशा खोल्यांसाठी तासाला किमान ५ वेळा हवा बदलण्याइतक्या शुद्ध हवेचे उद्दिष्ट सुचवले. या गतीने तरंगत्या कणांपैकी सुमारे ६३ टक्के कण १२ मिनिटांत निघून जातात. तासाला दोनच वेळा हवा बदलत असेल, तर तेवढ्याच कामाला अर्धा तास लागतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे हा पहिला मार्ग आहे. बाहेर कडाक्याची थंडी, धूर किंवा धूळ असेल, तर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी हेपा गाळणी बसवलेले हवा शुद्ध करणारे यंत्र उपयोगी पडते. ते कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, त्यामुळे ते चालू असताना मापकाचा आकडा जास्त दिसला तरी विषाणूंचे कण घटलेले असू शकतात.

विल्यम आणि मिल्ड्रेड वेल्स या संशोधक दांपत्याने तर १९३७ पासूनच फिलाडेल्फियाजवळच्या शाळांमध्ये वर्गाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावून तेथील हवा निर्जंतुक करण्याचा प्रयोग केला होता, आणि १९४१च्या साथीत त्या वर्गांमध्ये गोवराचा प्रसार लक्षणीयरीत्या कमी झाला. पुढे न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण शाळांत असा स्पष्ट फरक दिसला नाही. तेथील मुले गर्दीने भरलेल्या बसमधून एकत्र प्रवास करत होती. वर्ग सुरक्षित केला आणि बस विसरली, तर हाती फारसे काही लागत नाही, हा या अपयशातून निघणारा निष्कर्ष मला यशापेक्षा मोलाचा वाटतो.

निवासी शिबिरांचे उदाहरण याच जातीचे आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका शिबिरात येण्यापूर्वी सर्वांकडून १२ दिवसांच्या आतील कोविड चाचणीचा अहवाल घेण्यात आला होता. मात्र मुलांना मुखपट्टी सक्तीची नव्हती, इमारतींच्या खिडक्या-दारे उघडी ठेवली गेली नाहीत, आणि रोज जोरजोरात गाणी व घोषणा चालत. त्याच राज्याचे रहिवासी असलेल्या ५९७ सहभागींपैकी किमान २६० जणांना संसर्ग झाला. चाचणी त्या दिवसापुरतीच खरी असते. गाणे मोकळ्या मैदानात घेता आले असते आणि झोपण्याच्या खोल्यांतील गर्दी कमी करता आली असती.

लसीकरणाचा लाभ तर शाळेच्या भिंतींबाहेरही पोहोचतो. १९६८ मध्ये मिशिगनमधील टेकम्सी गावात सुमारे ८५ टक्के शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली गेली, आणि त्या हिवाळ्यात शेजारच्या गावाच्या मानाने तेथे सर्व वयोगटांत मिळून फ्लूसदृश आजार सुमारे एक तृतीयांशच राहिला. साबणाने २० सेकंद हात धुण्याची सवयही हवीच, विशेषतः अल्कोहोलच्या द्रावणाला सहज दाद न देणाऱ्या अ‍ॅडिनोविषाणूंसाठी.

आजारी मुलाला घरी ठेवण्याचे नियम सर्वांना ठाऊक असतात. फ्लूमध्ये औषधाविना ताप उतरून २४ तास व्हावे लागतात, गोवरात पुरळ उठल्यावर ४ दिवस, तर डांग्या खोकल्यात प्रतिजैविकांचे ५ दिवस पूर्ण व्हावे लागतात. पण पूर्ण हजेरीचे बक्षीस देणारी शाळाच हे नियम मोडायला शिकवते, आणि हे बक्षीस बंद करायला एक पैसाही लागत नाही. शिवाय फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवू लागतो, म्हणून घरी पाठवण्याच्या नियमांवर सारी भिस्त ठेवता येत नाही.

शिक्षकांनी आणि शिबिरचालकांनी धोक्याची लक्षणे ओळखायला हवीत. श्वास घेताना बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, धापेमुळे एक वाक्यही सलग बोलता न येणे, असामान्य गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर पालकांची वाट पाहत न थांबता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. फ्लूसारख्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्याचा संबंध यकृत व मेंदूला इजा करणाऱ्या रे सिंड्रोमशी आहे. दम्याच्या मुलांना साधी सर्दीही महागात पडते. उत्तर गोलार्धातील अनेक देशांत सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर सप्टेंबरमध्ये दम्याचे झटके ठळकपणे वाढतात आणि त्यामागे प्रामुख्याने सर्दीचे विषाणू असतात. अशा प्रत्येक मुलाच्या उपचारांची लेखी योजना शाळेकडे असावी, आणि त्याचा इनहेलर कार्यालयातील कुलूपबंद कपाटात न ठेवता त्याच्याजवळ किंवा त्याच्या वर्गशिक्षकांजवळ असावा.