खग्रास सूर्यग्रहण, २२ जानेवारी १८९८

शके १८१९ च्या पौष अमावास्येला, शनिवारी दुपारी, कोकण, सोलापूरचा पट्टा आणि वऱ्हाड ओलांडून गेलेले खग्रास सूर्यग्रहण. चंद्राची गडद छाया आफ्रिकेवरून अरबी समुद्र पार करून विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि ईशान्येकडे बक्सरवरून हिमालयापलीकडे गेली. खग्रास पट्टा जेमतेम शंभर किलोमीटर रुंद होता आणि मध्यरेषेजवळही पूर्ण अंधार दोनच मिनिटे टिकला. पट्ट्याबाहेर राहिलेल्यांना फक्त खंडग्रास दिसले.

१८६८ च्या ग्रहणाची छाया ऐन पावसाळ्यात, १८ ऑगस्टला, दख्खनवरून गेली होती आणि ढगांनी अनेक निरीक्षकांना छळले होते. या वेळी जानेवारीचे निरभ्र आकाश होते, शिवाय हा पट्टा रेल्वेमार्गांना छेदत होता. अवजड यंत्रे नेणाऱ्यांसाठी हे फार मोलाचे होते. म्हणून करमाळ्याजवळचे जेऊर, वऱ्हाडातील तळणी आणि वर्ध्याजवळचे पुलगाव या आडगावच्या स्टेशनांवर परदेशी खगोलशास्त्रज्ञांच्या छावण्या पडल्या.

जेऊरला कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. त्यात सूर्याचे बिंब सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाचे उमटे. सूर्य सरकेल तशी त्याच्या मागोमाग सरकवायची होती ती छायाचित्राची काच. भिंग मात्र जागेवर स्थिर असे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही जेऊरलाच वेध घेतले. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात त्यांच्या कामाची दखल अधिक ठळकपणे घ्यायला हवी. तळणीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांनी अगदी लहान भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा, म्हणजे खग्रासवेळी सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा, एक किरण टिपला. तोवर छायाचित्रात इतका लांब किरण कुणालाच मिळाला नव्हता.

विजयदुर्ग किल्ल्यावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर होते आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. लॉक्यर यांच्या कॅमेऱ्यात फटीऐवजी भिंगापुढे लोलक (प्रिझम) होता. त्यामुळे सूर्य झाकला जाताना उरलेली तेजस्वी कड वर्णपटात निरनिराळ्या रंगांच्या चंद्रकोरींसारखी उमटे. हे दृश्य काही क्षणच टिकते, म्हणून कोणती काच कधी बदलायची याची रंगीत तालीम आधी करून घेतलेली असे. यंत्रे ठेवायचे चौथरे म्हणून किल्ल्यावर आजही ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. लॉक्यर यांनी १८६८ मध्ये येथूनच हेलियम शोधला, असे अनेक ठिकाणी छापून येते. ते बरोबर नाही. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते, आणि ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच त्यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ऑगस्टच्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी वेध घेतले ते गुंटूरहून.

‘दे दान सुटे गिराण’ अशी हाळी आणि वेध पाळण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. डोळ्यांना खरा धोका असतो तो खंडग्रास अवस्थेत. तेव्हा प्रमाणित सौर गाळणीशिवाय सूर्याकडे बघू नये. हिऱ्याच्या अंगठीसारखा शेवटचा प्रकाशबिंदू विझला की, फक्त खग्रास अवस्था टिकेल तेवढा वेळ, नुसत्या डोळ्यांनी प्रभामंडळ पाहता येते.

हे ग्रहण १३९ व्या सारोस मालिकेतील, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा येणाऱ्या सारख्या ग्रहणांच्या मालिकेतील होते. साधारण १८ वर्षे ११ दिवसांच्या सात फेऱ्यांनंतर याच मालिकेतील ग्रहण ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडात दिसले.