माळवद, चुना आणि पडणारे पोपडे

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत पावसाळा सरता सरता छताचे पोपडे पडू लागतात. घरमालक गवंड्याला बोलावतो आणि गवंडी बहुतेक वेळा सिमेंटचा हात मारून देतो. दोन-तीन पावसाळ्यांत तोच भाग पुन्हा सुटतो, आणि या वेळी सोबत जुना चुनाही घेऊन येतो.

याचं कारण चुन्याच्या रसायनात आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि उरतो कळीचा चुना. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. हे काम महिनोन्‌महिने चालतं. असा गिलावा सच्छिद्र राहतो. आत शिरलेली ओल वाफ होऊन बाहेर पडते, छताचे लाकडी सर (तुळया) थोडे हलले तरी तो ते सहन करतो. बारीक चिरांत तर पाण्यासोबत विरघळलेला चुना पुन्हा जमून त्या बुजतात. सिमेंट कडक आणि त्या मानाने बंद असतं. ओल त्याच्या मागे कोंडते, क्षार तिथेच साचतात आणि जोड सुटतो. प्लास्टर ऑफ पॅरिसही इथे नको, कारण ते घट्ट झालं की जिप्सम बनतं आणि जिप्सम ओलीत थोडं थोडं विरघळतं.

परक्या पदार्थाने केलेल्या डागडुजीचं ठळक उदाहरण आपल्याच भागात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांच्या छतांनाही माती आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा आहे. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी तिथल्या चित्रांवर लाखेचा थर दिला. हेतू रक्षणाचा होता, पण तो थर पिवळा, काळपट पडला. तो काढण्याचं नाजूक काम पुढे कित्येक दशकं चाललं.

पण पोपड्याआधी माळवदाकडे, म्हणजे लाकडी सरांवर माती टाकून केलेल्या सपाट छताकडे पाहायला हवं. गळती दिसली की वर आणखी पांढरी माती टाकायची, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा. काळी माती ओलीत फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून पांढरीची निवड अगदी योग्य. मात्र जुनी न काढता नवी टाकत गेलं की थर वाढत जातो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर ४५ सेंटिमीटर माती असेल तर डोक्यावर साडेसहा टनांच्या आसपास ओझं असतं. पावसात भिजल्यावर आणखी जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि ही जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. छत लाकडी खांबांवर नीट पेललेलं होतं, अशी काही खणाची घरं मात्र टिकली. म्हणून दुरुस्तीची सुरुवात माती उतरवण्यापासून व्हावी. तीही एका बाजूने नव्हे, सगळीकडून सारखी, आणि खाली टेकू देऊनच. त्याच वेळी सरांची भिंतीत गेलेली टोकं टोचून पाहावीत, कारण कूज आणि वाळवी तिथूनच सुरू होते. पन्हाळी मोकळी आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

मग गिलावा. बोटाच्या पेराने ठोकत जावं. पोकळ आवाज येईल तेवढाच भाग काढावा, घट्ट असलेला जुना चुना तसाच राहू द्यावा. उघडा पडलेला भाग आधी पाण्याने भिजवावा, नाहीतर तो नव्या चुन्यातलं पाणी ओढून घेतो. एक भाग विरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू, जमल्यास कातरलेला ताग. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. तेही हेच काम करत होते, चिरा पसरू न देण्याचं. थर पातळ द्यावेत आणि पहिला आवळल्याशिवाय दुसरा देऊ नये. चुन्याला मुरायला हवा आणि ओल दोन्ही लागतात. म्हणून चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे काम काढू नये, दसऱ्यानंतरचे महिने बरे. वरून रंग द्यायचा तर चुन्याची सफेदीच द्यावी, ऑइल पेंट नाही.