‘बीटा’ची पाटी: चाचणीच्या टप्प्यापासून कायमच्या मुक्कामापर्यंत

जीमेल सुरू झाले १ एप्रिल २००४ रोजी. त्याच्या नावाखालची ‘बीटा’ ही पाटी उतरली ७ जुलै २००९ रोजी. मधल्या सव्वापाच वर्षांत कोट्यवधी लोकांनी तिथे आपला रोजचा पत्रव्यवहार नेऊन ठेवला होता, आणि पाटी मात्र ‘अजून तपासतो आहोत’ असेच सांगत होती. हे असे का झाले ते कळायला शब्दाच्या उगमापाशी जावे लागते.

हा उगम १९५०च्या दशकातल्या आयबीएम या संगणक बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत सापडतो. नव्या यंत्राच्या तिथे ए, बी आणि सी अशा तीन चाचण्या होत. यंत्राची जाहीर घोषणा करण्याआधी ए, कारखान्यात उत्पादनाला हिरवा कंदील देण्याआधी बी आणि सरसकट विक्रीआधी सी. चाचणी पार पडल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही, हा त्यातला करार होता. या चाचण्या कंपनीच्या आतच होत. ग्राहकाकडे जाऊन केलेल्या तपासणीला तिथे वेगळे नाव होते. आयबीएमने १९६०च्या दशकात ही पद्धत सोडली, पण तोवर शब्द बाहेर पसरले होते. पुढे अल्फा (ग्रीक ‘ए’) म्हणजे घरातली चाचणी आणि बीटा (ग्रीक ‘बी’) म्हणजे बाहेरच्या निवडक लोकांकडून करून घेतलेली चाचणी, असा अर्थ रूढ झाला.

सॉफ्टवेअर फ्लॉपी किंवा सीडीवर, खोक्यातून विकले जाई तोवर या टप्प्याला आपोआप शेवट असे. हजारो सीडी एकदा छापून दुकानांत गेल्या की त्यातली चूक दुरुस्त करणे महाग पडे, म्हणून छपाईआधीच तपासून घेणे भाग होते. बीटासाठी पैसे घेण्याची प्रथा मात्र तेव्हाचीच. विंडोज ९५ येण्याआधी मायक्रोसॉफ्टने त्याची चाचणी-आवृत्ती सुमारे २० डॉलरना देऊ केली होती. ॲपलने सप्टेंबर २०००मध्ये मॅक ओएस एक्स या नव्या संगणक प्रणालीची सार्वजनिक बीटा २९.९५ डॉलरना विकली. पण ती मे २००१मध्ये आपोआप बंद पडेल अशी सोय आतच केलेली होती, आणि पूर्ण आवृत्ती त्याआधी, मार्चमध्ये, आली. ज्यांनी बीटा विकत घेतली त्यांना पूर्ण आवृत्तीच्या किमतीत सूटही मिळाली. पैसे घेऊन चाचणी करवून घेणे मला पटत नाही; तरी तिथे मुदत होती आणि देणेघेणे स्पष्ट होते.

वेबने ही मुदतच काढून घेतली. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर असले की सकाळी बदल करावा आणि दुपारी सगळ्यांना तो दिसावा. छपाईचा दिवसच नसल्यामुळे ‘झाले, आता पूर्ण’ असे म्हणायला कोणी भाग पाडत नाही. या कामाच्या पद्धतीत गैर काही नाही. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ’रायली यांनी २००५मध्ये ‘वेब २.०’चे, म्हणजे वेबच्या नव्या पिढीचे, वर्णन करताना तिला कायमस्वरूपी बीटा म्हटले, तेव्हा त्यांना सतत सुधारत जाणारी सेवा अभिप्रेत होती. इतरांनी त्यातून पाटी तेवढी उचलली. २००६मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने ‘बीटा’ पुसून ‘गॅमा’ हे पुढचे ग्रीक अक्षर लिहिले, इतका तो शब्द तोवर सैल झाला होता.

सप्टेंबर २००८मध्ये केलेल्या एका मोजणीत गूगलच्या ४९ सेवांपैकी २२ बीटा होत्या. अडचण उभी राहिली ती पैसे देणाऱ्या ग्राहकांमुळे. गूगल २००७पासून जीमेल, कॅलेंडर आणि डॉक्स यांचा संच कंपन्यांना वर्षाला माणशी ५० डॉलर दराने विकत होते, आणि चाचणीत असलेल्या गोष्टीवर कारभार सोपवायला मोठ्या कंपन्या कचरत. शेवटी २००९मध्ये या तिन्ही सेवांवरची पाटी एकाच दिवशी उतरली. त्या दिवशी जीमेलमध्ये मोठा तांत्रिक बदल झालेला नव्हता. ज्यांना पाटी आवडत होती त्यांना ती पुन्हा लावून घेण्याची सोयही ठेवली होती. म्हणजे सेवा कधीच तयार झाली होती.

याच वर्षांत दुसऱ्या टोकाला ‘वाइन’ हा मुक्त, म्हणजे कोणालाही कोड पाहता-बदलता येईल असा, सॉफ्टवेअर प्रकल्प होता. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्स या वेगळ्या संगणक प्रणालीवर चालवणारे हे काम १९९३मध्ये सुरू झाले, बारा वर्षे अल्फा राहिले, ऑक्टोबर २००५मध्ये बीटा झाले आणि १.० आवृत्ती आली जून २००८मध्ये. पंधरा वर्षे लागली, पण प्रत्येक पाटी खरी होती: वापरणाऱ्याला नेमके काय हाती येते आहे ते कळत होते. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

पुढे पाटी जाहिरातबाजीच्या मालावरही आली. ॲपलने ऑक्टोबर २०११मध्ये आयफोन ४एसचे मुख्य आकर्षण म्हणून सिरी ही बोलून उत्तरे देणारी मदतनीस आणली, ती बीटा म्हणून. २०१३मध्ये ती पाटी गेली. त्यात बिघडले तर उत्तर चुकीचे येई, एवढेच. टेस्लाने ऑक्टोबर २०२०पासून ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग बीटा’ ही गाडी आपोआप चालवू पाहणारी प्रणाली निवडक ग्राहकांच्या गाड्यांत, सार्वजनिक रस्त्यांवर उतरवली, तेव्हा चाचणीला संमती फक्त गाडीच्या मालकाची होती. शेजारून चालणाऱ्याला, सायकलवाल्याला कोणी विचारले नव्हते. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेत सुमारे ३ लाख ६३ हजार गाड्यांसाठी या प्रणालीचे रिकॉल, म्हणजे दोषाची अधिकृत दुरुस्ती, जाहीर झाले. चौकात गाडी नियमबाह्य वागू शकते, हे त्यामागचे कारण होते. दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवली गेली. पुढच्या वर्षी नावातून ‘बीटा’ गेले आणि त्या जागी ‘चालकाच्या देखरेखीखाली’ अशा अर्थाचा शब्द आला.