‘आय ॲम कॉन्फिडन्स’ : इंग्रजी मजकूर तपासायला देण्याआधी

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या अर्जांत आणि पत्रांत हे वाक्य या ना त्या रूपात हमखास सापडतं. कॉन्फिडन्सचं स्पेलिंग बरोबर असतं, त्यामुळे स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही. चूक आहे ती नाम आणि विशेषणाच्या गल्लतीची. हवं होतं ‘कॉन्फिडंट’.

ही गल्लत मराठीतून येते. आपण म्हणतो, ‘मला राग आलाय’, ‘मला भूक लागलीय’. राग आणि भूक ही नामं. इंग्रजी तिथे थेट माणसालाच विशेषण लावते: ‘आय ॲम अँग्री’, ‘आय ॲम हंग्री’. मराठीतलं नाम तसंच उचलून ‘आय ॲम’पुढे ठेवलं, की फसलंच.

शंका आली तर शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी सेफ’ चालतं, म्हणजे सेफ विशेषण. ‘व्हेरी सेफ्टी’ अडखळतं, सेफ्टी नाम. मग ‘सेफ्टी शूज’ कसं? आपल्या ‘पोलीस चौकी’सारखंच: एक नाम दुसऱ्या नामाला चिकटलंय. ही युक्ती दर वेळी लागू पडेलच असं नाही. ‘मेन’ विशेषण आहे, पण ‘व्हेरी मेन’ कुणी म्हणत नाही. शब्दाच्या शेपटीवर तर विसंबूच नका: ‘फॉर्मल’ विशेषण, ‘प्रपोजल’ नाम.

उच्चाराने जुळ्या शब्दांतही हाच फरक कामी येतो. ‘स्टेशनरी’त शेवटच्या आर-वायआधी ‘ई’ असेल तर नाम, वह्या-पेनं. ‘ए’ असेल तर विशेषण, जागचं न हलणारं. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच. फेरीवाल्यासारखा न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’. ‘प्रिन्सिपल’ पी-एल-ईने संपला तर तत्त्व, आणि तो नेहमी नामच. त्यामुळे ‘प्रिन्सिपल रीझन’सारखं विशेषण दिसलं की बेलाशक पी-ए-एल लिहा. मुख्याध्यापक आणि कर्जाचं मुद्दल यांनाही पी-ए-एलच. ‘कॉम्प्लिमेंटरी’ मात्र दोन्हीकडे विशेषण, तिथे अर्थच बघावा लागतो: मधे ‘आय’ तर मोफत, ‘ई’ तर पूरक. मोफत भेटीच्या पत्रात ‘ई’ पडलेला आम्ही बरेचदा खोडतो.

मजकूर पाठवताना वाचक ब्रिटिश वळणाचे की अमेरिकन, एवढं वर लिहा. ब्रिटिश इंग्रजीत ‘लायसन्स’ नाम असेल तर शेवटी सी-ई, क्रियापद असेल तर एस-ई. अमेरिकनमध्ये दोन्हीकडे एस-ई.