डिटेनर म्हणजे वॉरंट नव्हे

अमेरिकेत कुणाला पोलिसांनी पकडलं आणि तिथून तो आइसच्या, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांच्या ताब्यात गेला, की आपल्या मराठी ग्रुपांवर एकच वाक्य फिरतं: "वॉरंटच होतं, पोलीस तरी काय करणार?" कालपरवा हे एका वकिली शिकलेल्या माणसाने लिहिलं, तेव्हा मात्र राहवेना.

वॉरंट काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलीस आपलं म्हणणं न्यायाधीशापुढे मांडतात, पटलं तर सही होते, आणि मग तो हुकूम असतो. भारतात आणि अमेरिकेत गाभा तोच. पुढे जाऊ.

पण अशा वेळी तुरुंगाकडे आलेला असतो तो बहुधा डिटेनर, म्हणजे आय-247ए नावाचा फॉर्म. इमिग्रेशन अधिकारी तो काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, तुरुंगाला पाठवतो. मागणं असं, की हा माणूस सुटायच्या आधी आम्हाला कळवा, आणि सुटायची वेळ झाली तरी आणखी 48 तासांपर्यंत ठेवून घ्या, आम्ही येऊन नेतो. 2017 पासून त्याला आय-200 किंवा आय-205 हा दुसरा कागद जोडतात, आणि त्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'वॉरंट' छापलेलं असतं. घोळाचं मूळ हेच. खाली सही बघा. ती न्यायाधीशाची नाही, इमिग्रेशन खात्यातल्याच अधिकाऱ्याची असते. अर्ज करणारा आणि मंजूर करणारा एकाच खात्याचे पगारी. या कागदावर आइसचा अधिकारी रस्त्यात अटक करू शकतो, घराचं दार मात्र त्यावर जबरदस्तीने उघडून घेता येत नाही, असंच सहसा मानलं गेलं आहे.

इथवर बऱ्याच जणांना पटतं. अडतं ते पुढे: "बरं, विनंती तर विनंती. आधीच तुरुंगात आहे, दोन दिवस जास्त राहिला, त्यात काय मोठं?"

मोठं आहे, आणि सगळं तिथेच आहे. समजा दुपारी 4 वाजता घरच्यांनी जामीन भरला. त्या क्षणी काउंटीकडे त्याला आत ठेवायचं जे कारण होतं ते संपलं. 4 वाजून 5 मिनिटांनीही तो आत असेल, तर ती जुनी कोठडी लांबलेली नाही, कायद्याच्या नजरेत ती नवी अटक आहे. नव्या अटकेला नवा आधार लागतो. तो कुठून आणणार? अमेरिकेत नुसतं बेकायदा राहणं हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या ॲरिझोना खटल्यात म्हटलं आहे. हद्दपारीची कारवाई दिवाणी असते, म्हणजे फौजदारी अटकेचा आधार तिथे मिळत नाही. आपल्या डोक्यात भारतातलं चित्र असतं, तिकडे व्हिसा संपल्यावर राहणं हाच गुन्हा, आणि बऱ्याच जिल्ह्यांत परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांच्याच कार्यालयात. म्हणून 'पोलीस आणि इमिग्रेशन एकच' हे आपल्याला खटकतही नाही.

पेन्सिल्व्हेनियाच्या लीहाय काउंटीत 2008 मध्ये एका माणसाला जामीन भरूनही डिटेनरवर तीन दिवस ठेवलं होतं. तो न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक निघाला! काउंटीचा बचाव अगदी आपल्या ग्रुपसारखाच: डिटेनर आला, आम्ही काय करणार? तिसऱ्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं, की डिटेनर ही विनंती आहे, केंद्र सरकार स्थानिक यंत्रणेला असं राबवून घेऊ शकत नाही, त्यामुळे ठेवायचा निर्णय काउंटीचा आणि जबाबदारीही तिची. त्याच वर्षी ओरेगनच्या क्लॅकमस काउंटीविरुद्धही निकाल गेला: केवळ डिटेनरच्या जोरावर डांबून ठेवणं हा चौथ्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे मनमानी झडती-अटकेपासून संरक्षण देणाऱ्या कलमाचा, भंग आहे. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने म्हटलं, की राज्याच्या कायद्यात अशी अटक करायचा अधिकारच कुणाला दिलेला नाही.

मग टेक्सासात का ठेवतात? कारण तिथे 2017 मध्ये विधिमंडळाने एसबी 4 कायदा करून तुरुंगांना डिटेनर पाळायला लावलं. सक्ती आहे, पण ती राज्याची. आइसचा फॉर्म टेक्सासातल्या ऑस्टिनमध्येही तोच आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही तोच. न्यू जर्सीत मात्र राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या 2018 च्या आदेशाने असं ठेवून घेण्यावर बरीच बंधनं घातली. ठरावीक गंभीर गुन्हे किंवा हद्दपारीचा अंतिम आदेश असेल तर ठेवता येतं, तेही त्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंतच. अशा राज्यांना लोक 'सँक्च्युअरी' म्हणतात, तो शब्द मला आवडत नाही. देवळात आश्रय घेतल्यासारखा वाटतो, आणि माणसं गाफील राहतात. अटकेनंतर बोटांचे ठसे घेतले की ते एफबीआयकडे आणि तिथून होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे आइस ज्या खात्याखाली येतं तिकडे, जातातच, राज्य कुठलंही असो.

287(जी) ची भानगडही यातच मिसळतात, ती दोन ओळींत उरकतो. 1996 च्या कायद्याने आलेला हा आइस आणि स्थानिक पोलिसांमधला लेखी करार. त्यात निवडक स्थानिक पोलिसांना प्रशिक्षण देऊन, आइसच्या देखरेखीखाली, इमिग्रेशन अधिकाऱ्याची कामं करू देतात. डिटेनरवर ठेवणारा जेलर तसा आइसचा कुणी नसतो, करारातला डेप्युटी, म्हणजे असं प्रशिक्षण घेतलेला पोलीस, तेवढ्यापुरता आइसचाच हात असतो. रस्त्यावर फिरून तपासणी करायचा यातला प्रकार 2012 मध्ये गुंडाळला होता, 2025 मध्ये पुन्हा काढला.

तेव्हा ओळखीतलं कुणी अडकलं, तर "वॉरंट आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. पलीकडचा "हो" म्हणेल, आणि खोटंही बोलत नसेल. सही कुणाची आहे ते विचारा, काउंटीचा आइसशी 287(जी) करार आहे का ते विचारा, आणि जामीन भरायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. डिटेनर असेल तर जामीन भरल्याच्या घटकेपासून त्याचे तास मोजायला लागतात.