सरकारी आकड्यांविषयीचे पत्रकारी विधान : नीतिपरीक्षण

सरकारने दिलेली माहिती खरी की अपुरी, यावर पत्रकार जाहीरपणे बोलतो तेव्हा त्या बोलण्याची पारख कशी करावी, हा वृत्तपत्रीय नीतीतला जुना प्रश्न. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत अचूकता, प्रसिद्धीपूर्व पडताळणी आणि चुकीची तत्काळ दुरुस्ती यांवर भर आहे. १९७८ च्या कायद्यानुसार कौन्सिल ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही.

बडोद्यात हा प्रश्न एप्रिल-मे २०२१ मध्ये घराघरांत पोचला. खासवाडी स्मशानात अंत्यसंस्कारांची रीघ लागली होती, पण रोजच्या सरकारी पत्रकात कोविडचे मृत्यू मोजकेच असत. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांनी आपल्या माणसांना निरोप देताना ही तफावत स्वतः पाहिली. १४ मे रोजी ‘दिव्य भास्कर’ या गुजराती दैनिकाने छापले, की १ मार्च ते १० मे या काळात गुजरातेत सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूदाखले दिले गेले. आदल्या वर्षी याच काळात ते सुमारे ५८ हजार होते. कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा मात्र ४,२१८. सरकारने उत्तर दिले, दाखल्यांवरून मृत्यू मोजता येत नाहीत.

हा आक्षेप वजनदार आहे. उशिरा नोंदलेल्या मृत्यूचा दाखलाही त्यात येऊ शकतो. म्हणून ‘दाखले दुपटीहून वाढले, सरकारी आकड्यात ही वाढ दिसत नाही’ हे विधान पुराव्यावर टिकते. ‘वाढलेले सगळे कोविडनेच गेले’ हे टिकत नाही. ‘सरकारने मृत्यू लपवले’ हा तर हेतूचा आरोप. त्यासाठी आदेश, टिपण किंवा साक्षीदार हवा. कोविडच्या रुग्णाला मधुमेह वा हृदयविकार असल्यास मृत्यूचे मुख्य कारण तेच धरले जाई, आणि तो मृत्यू कोविडच्या आकड्यात येत नसे. आकडा नियमात बसूनही दिशाभूल करू शकतो, आणि तो नियम वाचकाला सांगणे पत्रकाराचे काम आहे.

जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीत गुजरातचे अधिकृत कोविड मृत्यू दहा हजारांच्या आसपास होते, तर कोविडमृतांच्या कुटुंबीयांचे मंजूर झालेले भरपाईचे अर्ज ६८ हजारांवर. भरपाईची व्याख्या अधिक व्यापक होती, त्यामुळे यावरूनही थेट खोटेपणा सिद्ध होत नाही. तरीही नोंदवही ज्याच्या ताब्यात, त्याने ती उघडायची. बाहेर उभ्या बातमीदाराकडून त्याहून काटेकोर हिशेब मागणे अन्यायाचे आहे. खरेखोटे ठरवण्याचे कामही सरकारनेच करावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही : केंद्र सरकारविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या सत्यपडताळणी कक्षाला देणारा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.