पार्श्वभूमी: जनुकजोडणी, आरएसए आणि छापील पानाची तारीख

४ नोव्हेंबर १९७४ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात एक अर्ज दाखल केला. शोध होता स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतले हर्बर्ट बॉयर यांचा: वेगवेगळ्या डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत वाढवण्याची पद्धत. ती नोव्हेंबर १९७३ मध्येच शोधनिबंधात छापून आली होती. छापल्यानंतर वर्षभरात अर्ज करण्याची सवलत अमेरिकी कायद्यात होती आणि तिचा शेवटचा आठवडा चालू होता. बहुतेक इतर देशांत अशी सवलत नव्हती. तिथले सगळे हक्क निबंध छापला गेला त्याच दिवशी गेले.

विद्यापीठातल्या शोधांचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेपासून सांगितला जातो. पेटंटच्या बाबतीत मात्र आधी पाहावी लागते ती छापील पानाची तारीख आणि मग परवाना कोणाला, कोणत्या अटींवर दिला ते. त्याच दशकातल्या दोन शोधांची, एक जैवतंत्रज्ञानातला आणि एक नेटवर्क सुरक्षेतला (आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत), तारखांच्या बाबतीत जवळजवळ सारखीच गत झाली. परवान्याच्या बाबतीत दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

कोहेन आणि बॉयर यांची गाठ १९७२ च्या नोव्हेंबरात होनोलुलूच्या एका परिषदेत पडली. कोहेन प्लास्मिडवर काम करत होते. प्लास्मिड म्हणजे जिवाणूतले डीएनएचे छोटे स्वतंत्र वर्तुळ. बॉयर यांच्याकडे इकोआर-वन हे विकर होते. ते डीएनएवर जीएएटीटीसी हा क्रम शोधून तिथे तिरका काप घेते, त्यामुळे प्रत्येक टोकाला एएटीटी अशी चार अक्षरांची एकेरी शेपटी उरते आणि अशी कोणतीही दोन टोके एकमेकांना धरतात. कोहेन यांच्या पीएससी-१०१ या प्लास्मिडवर इकोआर-वनची जागा एकच होती. शिवाय ती टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जनुकाच्या बाहेर आणि प्लास्मिडच्या दुपटीकरणाला धक्का न लागेल अशी होती. ही जागा जनुकाच्या आत असती तर तुकडा बसवताच प्लास्मिड मिळालेले जिवाणू निवडण्याची खूणच नाहीशी झाली असती.

कृती अशी. पीएससी-१०१ आणि कॅनामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला दाद न देणारे दुसरे प्लास्मिड एकाच विकराने कापायचे, एकत्र करून लायगेज या सांधणाऱ्या विकराने सांधायचे आणि डीएनए आत घेण्यासाठी कॅल्शियम क्लोराइडने तयार केलेल्या ई. कोलाय जिवाणूंत घालायचे. अडचण इथेच येते. बहुसंख्य जिवाणू डीएनए आत घेतच नाहीत. घेतला तरी कापलेले प्लास्मिड पुष्कळदा स्वतःच्याच टोकांशी जुळून मूळ रूपात आलेले असते. म्हणून दोन्ही प्रतिजैविके असलेल्या बशीवर पेरणी करायची. एकच प्लास्मिड मिळालेले जिवाणू तिथे मरतात. वसाहती उगवतात त्या दोन्ही प्रतिकार मिळालेल्या पेशींच्या, आणि त्यांच्यातून काढलेल्या डीएनएत सांधलेला तुकडा तपासता येतो. १९७४ मध्ये छापलेल्या निबंधात याच पद्धतीने बेडकाचा डीएनए जिवाणूत वाढवल्याचे दाखवण्यात आले आणि पद्धत कोणत्याही सजीवाला लागू पडते हे स्पष्ट झाले.

मे १९७४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी दिली. स्टॅनफर्डच्या तंत्रज्ञान परवाना कार्यालयाचे नील्स रीमर्स यांना शोधाचा पत्ता लागला तो या बातमीमुळे. कोहेन सुरुवातीला पेटंटला राजी नव्हते. इतक्यांच्या कामावर उभ्या असलेल्या पद्धतीवर हक्क सांगणे त्यांना पटत नव्हते. निबंधाच्या सहलेखकांची नावे अर्जात नाहीत, यावरूनही कटुता आली. निबंधात नाव येते ते कामातल्या सहभागामुळे. पेटंटमध्ये ते मूळ कल्पनेत वाटा असेल तरच येते, आणि हा फरक गटातल्या सर्वांना आधीच स्पष्ट सांगितला नाही तर भांडण ठरलेलेच.

अर्ज सहा वर्षे अडला. संशोधनाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी अशा तिघांचा पैसा होता, त्यामुळे तिघांचीही संमती लागली. त्यातच १९७५ च्या असिलोमार परिषदेपासून जनुकजोडणीच्या धोक्यांवर जाहीर वाद पेटला होता. कोंडी फुटली १९८० मध्ये. १६ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना घडवलेल्या जिवाणूला पेटंट मिळू शकते असा निर्णय दिला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. २ डिसेंबरला कोहेन-बॉयर यांचे ४२,३७,२२४ क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. १२ डिसेंबरला बे-डोल कायदा आला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येऊ लागली. बदल्यात शोधाची माहिती निधी देणाऱ्या खात्याला कळवायची, उत्पन्नात संशोधकाला वाटा द्यायचा आणि सरकारला विनामूल्य वापराचा हक्क द्यायचा. त्याआधी सरकारकडे सुमारे २८,००० पेटंट पडून होते आणि त्यातले पाच टक्केही कोणी वापरायला घेतले नव्हते.

स्टॅनफर्डची खरी हुशारी परवान्यात दिसते. पद्धत पायाभूत असल्याने एकाच कंपनीला न देता मागेल त्याला परवाना द्यायचे ठरले. सहीला १०,००० डॉलर, पुढे दरवर्षी किमान तेवढेच आणि तयार मालाच्या विक्रीवर अर्धा ते एक टक्का. १५ डिसेंबर १९८१ पर्यंत सही करणाऱ्यांना सवलत होती; तोवर ७३ कंपन्या आल्या. बिगरनफा संशोधनाकडून पैसे मागितले नाहीत. दर इतका कमी होता की पेटंटला न्यायालयात आव्हान देण्यापेक्षा परवाना घेणे स्वस्त पडे. दर कमी ठेवण्याला आणखी एक कारण होते. आधीच छापलेल्या निबंधामुळे पेटंटची बाजू अभेद्य नव्हती आणि रीमर्स यांना याची जाणीव होती. २ डिसेंबर १९९७ ला मुदत संपली तेव्हा ४६८ परवानाधारक आणि सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले होते. व्यवस्थापनखर्च वजा जाता ते दोन्ही विद्यापीठांनी निम्मे-निम्मे घेतले. तेव्हा अमेरिकेत मुदत मंजुरीपासून १७ वर्षे मोजत, त्यामुळे वाया गेलेली सहा वर्षे उलट पथ्यावरच पडली: औषधे बाजारात आली तेव्हा पेटंट जिवंत होते. आता मुदत अर्जापासून २० वर्षे असल्याने असा उशीर सरळ तोट्यात जातो.

दुसरी वाट गुप्तलेखनाची. नोव्हेंबर १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची, म्हणजे संदेश बंद करायची किल्ली जाहीर आणि उघडायची गुप्त ठेवण्याची, कल्पना छापली. पेटंटचा अर्ज सप्टेंबर १९७७ मध्ये गेला. एप्रिल १९७७ मध्ये एमआयटीच्या रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी आरएसए पद्धतीचे टिपण काढले, ऑगस्टमध्ये सायंटिफिक अमेरिकनने ती जगभर पोचवली आणि अर्ज गेला १४ डिसेंबर १९७७ ला. अमेरिकेबाहेरचे हक्क दोन्ही ठिकाणी हातचे गेले. ब्रिटनच्या गुप्तवार्ता विभागातले क्लिफर्ड कॉक्स १९७३ मध्येच याच पद्धतीपर्यंत पोचले होते, पण ते काम डिसेंबर १९९७ पर्यंत गुप्त राहिले. कुठेही छापलेले नसल्याने त्याचा पेटंटवर काही परिणाम झाला नाही.

आरएसएचे गणित छोट्या आकड्यांत कागदावर करता येते. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या, गुणाकार ३३. दोन्हींतून एक-एक वजा करून गुणले की २ गुणिले १०, म्हणजे २०. जाहीर घातांक ३ घेतला तर गुप्त घातांक ७, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१ आणि २० ने भागल्यावर बाकी १. संदेश ४ असेल तर ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१; हे सांकेतिक रूप. ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा, बाकी पुन्हा ४. मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड, एवढ्यावरच सुरक्षा उभी आहे. प्रत्यक्षात दगा होतो तो वापरात. घातांक ३ आणि संदेश लहान असेल, तर त्याचा घन गुणाकारापेक्षा कमी राहतो आणि साधे घनमूळ काढून संदेश उघडतो. म्हणून संदेशात आधी यादृच्छिक, म्हणजे अंदाज बांधता न येणारा, भरणा करावाच लागतो. यादृच्छिक संख्या देणारा स्रोत कमकुवत असेल तर दोन उपकरणांच्या किल्ल्यांत एकच मूळ संख्या येते आणि दोन गुणाकारांचा मसावि काढला की दोन्ही किल्ल्या फुटतात. २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या किल्ल्या तपासल्या तेव्हा असे पुष्कळ नमुने सापडले.

गणिती सूत्रावर पेटंट नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटले होते. म्हणून एमआयटीने दावे मांडले ते संपर्कव्यवस्थेचे: वाहिनी, संदेश बंद करणारे साधन, उघडणारे साधन. २० सप्टेंबर १९८३ ला ४४,०५,८२९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. मात्र परवाना एकाच कंपनीला दिला गेला, शोधकर्त्यांनी स्वतः काढलेल्या आरएसए डेटा सिक्युरिटीला. १९९० मध्ये स्टॅनफर्डचे पेटंटही त्याच गटाच्या हाती आले आणि अमेरिकेत सार्वजनिक किल्ली वापरायची तर एकाच दारात जावे लागू लागले. १९९१ मध्ये ईमेल गुप्त ठेवणारी पीजीपी ही आज्ञावली आली ती थेट पेटंटच्या वादात सापडली. अमेरिकेतले आणि बाहेरचे वापरकर्ते एकाच आज्ञावलीच्या वेगळ्या आवृत्त्या वापरू लागले, कारण बाहेर पेटंटच नव्हते. ६ सप्टेंबर २००० रोजी, मुदतीच्या दोन आठवडे आधी, कंपनीने हक्क सोडला. एमआयटीने स्टॅनफर्डची वाट धरली असती तर सुरक्षित ईमेलचा प्रसार त्या दशकात नक्कीच अधिक वेगाने झाला असता, असे आमचे मत आहे.

छापील पानाचा प्रश्न भारताच्याही दाराशी आला तो हळदीमुळे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकी पेटंट मिळाले. घरोघरी जखमेवर हळद दाबतात, हा पुरावा तिथे चालणार नव्हता. परदेशातली नुसती वापराची चाल तेव्हाचा अमेरिकी कायदा जमेस धरत नसे, छापील मजकूर मात्र धरत असे. मूळचे गोव्यातल्या माशेलचे असलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या वैद्यकीय निबंधापर्यंत ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

आज पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत बसलेल्या संशोधकाला भारतात अमेरिकेसारखी वर्षभराची सवलत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची १२ महिन्यांची सूट आहे ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधापुरती. नियतकालिकातला लेख, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुला केलेला निबंध) किंवा ग्रंथालयात गेलेला प्रबंध तिच्यात बसेल असे धरून चालू नये. परिषदेला गोषवारा पाठवण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकावा. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलेलेच नाही त्याला ती आधीची तारीख मिळत नाही, हे विसरून दोन पानी अर्ज टाकणारे पुढे फसतात. परदेशात आधी अर्ज करायचा तर कलम ३९ ची परवानगी हवी, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे.

नेटवर्क सुरक्षेच्या शोधाला याच कायद्याचे कलम ३(के) आडवे येते: निव्वळ संगणक आज्ञावली, अल्गोरिदम आणि गणिती पद्धत वगळलेल्या आहेत. त्यामुळे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) कुठे अडते, कोणत्या घटकाचा भार किती कमी होतो हा तांत्रिक परिणाम मोजून लिहावा लागतो. जैव शोधात सूक्ष्मजीव शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नसेल, तर तो बुडापेस्ट करार या सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या संग्रहात जमा करावा लागतो. असा मान्यताप्राप्त संग्रह पुण्यातही आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा. अर्जाच्या तारखेपर्यंत नमुना तिथे जमा झालेला हवा आणि त्याचा क्रमांक तीन महिन्यांच्या आत तपशिलात यायला हवा. नमुना भारतातल्या मातीतून किंवा वनस्पतीतून घेतला असेल, तर पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तताही करावी लागते.